दार माजघरातून उघडायचं: सांगलीतल्या एका स्वयंपाकघर-न्हाणीघराच्या कामाच्या नोंदी

१६ जानेवारी २०२५

शामरावनगर. संक्रांत झाली आणि घरमालक काकांनी बोलावलं; नकाशा आणि कामाची देखरेख माझ्याकडे. तळमजला आणि वर एक मजला, पस्तीसेक वर्षांचं घर, भार विटांच्या भिंतींवर. खाली पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला लागून दीड मीटर रुंदीची एक पट्टी आहे. तिच्यात मागच्या बाजूला मोरी आणि माजघराच्या बाजूला कोठीची खोली. मोरीचं दार स्वयंपाकघरात उघडतं, कोठीचं माजघरात. वापरातला संडास-बाथरूम वरच्या मजल्यावर. जुना संडास मागच्या आवारात, पण तिथे जायला तीन पायऱ्या उतराव्या लागतात.

आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. वॉकर घेऊन चालतात. जिना बंद, मागच्या पायऱ्याही बंद. मोरीतच कमोड बसवावा आणि त्याच धडाक्यात स्वयंपाकघराचा ओटा, फरशी, खिडकी नवी करावी, असं घरच्यांच्या मनात आहे. पाडव्याला नव्या ओट्यावर पुरणपोळी झाली पाहिजे, ही काकूंची अट.

मापं घेतली. स्वयंपाकघर ३.० × २.७ मीटर, म्हणजे ८.१ चौरस मीटर. मोरी १.५ × १.२. कोठी साधारण १.५ × १.४, मध्ये साडेचार इंची भिंत. माजघर आणि मागच्या खोल्यांमधली भिंत नऊ इंची, आणि वरच्या मजल्याची भिंत बरोब्बर तिच्यावर उभी आहे. भिंतीवर गुडघ्याच्या वर २०१९ च्या पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते. रंग दोनदा दिला तरी ती वर येते, असं काकू म्हणाल्या.

१९ जानेवारी

नकाशा घेऊन गेले. आजचा सगळा वेळ एका दारावर गेला, आणि जायलाच हवा होता.

काकांचं म्हणणं सरळ होतं. "मोरी आहेच, दार आहेच. आत कमोड बसवला की झालं. घराच्या आतलं काम, त्याला कोण विचारतंय?"

परवानगीपुरतं त्यांचं बरंचसं बरोबर आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्येच सवलत आहे: ज्या देखभालीचा, सुधारणेचा किंवा फेरफाराचा परिणाम फक्त इमारतीच्या आतल्या भागावर होतो, किंवा बाहेरच्या रूपात फारसा फरक पडत नाही, त्या कामाला परवानगी लागत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेतही विनापरवाना करता येणाऱ्या किरकोळ फेरफारांची यादी आहे. दार-खिडकी उघडणं किंवा बुजवणं, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारं नवं दार बसवणं, पार्टिशन, गिलावा, फरशी बदलणं, रंगरंगोटी. पण त्या यादीला एक अट चिकटलेली आहे आणि ती सहसा कोणी वाचत नाही. या कामांनी इमारतीच्या सर्वसाधारण गरजा, मजबुती आणि अग्निसुरक्षा यांच्या तरतुदी मोडता कामा नयेत. म्हणजे अर्ज माफ झाला तरी नियम माफ झालेला नाही. गल्लीतल्या घराघरात होणाऱ्या चुका याच फटीतून होतात, म्हणून मी हे काकांना दोनदा सांगितलं.

आणि नियम स्वच्छ आहे. ज्या खोलीत संडास आहे तिचं दार, खिडकी किंवा कोणतीही उघडी जागा थेट स्वयंपाकघरात उघडता कामा नये. त्या खोलीचा दुसरा कसलाही वापर करायचा नाही, आणि तिला पूर्ण बंद होणारं दार हवं. मोरी होती तोवर स्वयंपाकघरातलं दार चालत होतं. कमोड बसला की त्याच चौकटीचा अर्थ बदलतो. फ्लश केल्यावर उडणारे बारीक तुषार, माश्या, वास, सगळ्याला ओट्यापर्यंत मोकळी वाट मिळते. काकू आजही घासलेली भांडी मोरीच्या उंबऱ्यावर निथळत ठेवतात.

माझा प्रस्ताव असा: मोरी आणि कोठी यांच्यामधली भिंत काढायची, १.५ × २.७ मीटरची सलग पट्टी संडास-बाथरूमला द्यायची, मोरीचं दार विटांनी बुजवायचं आणि कोठीचं माजघरातलं दार रुंद करून तेच वापरायचं. एकत्र संडास-बाथरूमला संहितेप्रमाणे किमान २.८ चौरस मीटर लागतात. इथे चार मिळतात.

काकूंचा चेहरा उतरला. कोठी जाणार. वर्षाचे गहू, ज्वारी, हळदीचे डबे, लोणच्याच्या बरण्या, सगळं तिथे. त्यांचं दुःख खरं आहे. सांगलीच्या घरात कोठी म्हणजे फक्त साठवणीची खोली नसते. शेवटी आजीच बोलल्या, "गं बाई, मी जेवताना मला ते दार समोर नको." मग विषय संपला.

देवघर माजघरात, कोठीच्याच भिंतीला टेकून आहे. ते पूर्वेच्या भिंतीवर हलवायचं. हे कुठल्या नियमावलीत नाही, पण आजींसाठी ते पहिल्या क्रमांकावर आहे आणि माझ्या नकाशातही.

२२ जानेवारी

काकांचे पुतणे आले होते. त्यांच्या दोन सूचना.

एक, कोठी राहू द्या आणि बाथरूम घराबाहेर बाजूच्या मोकळ्या जागेत बांधा. ती मोकळी जागा म्हणजे मंजूर नकाशातलं बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे हद्द आणि घर यांच्यामध्ये मोकळी सोडायची जागा आहे. तिथे नवं बांधकाम म्हणजे 'आतला फेरफार' राहत नाही. त्याला कलम ४४ खाली अर्ज लागतो, आणि सामासिक अंतरात तो मंजूर होण्याजोगा नाही. विनापरवाना केलं तर कलम ५३ खाली पाडण्याची नोटीस येऊ शकते.  नाही म्हणून सांगितलं.

दोन, स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधली भिंत काढून 'ओपन किचन' करा. ती नऊ इंची भिंत वरचा मजला पेलते. ती काढायची तर तुळई, खांब, पाया, सगळ्याचं गणित नव्याने मांडावं लागेल, रीतसर परवानगी घ्यावी लागेल, आणि काळ्या मातीवरच्या जुन्या पायाला नवे एकवटलेले भार द्यावे लागतील. शामरावनगरची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. इथे भिंतीवर पसरलेला भार दोन खांबांवर आणणं मला पटत नाही. हेही नाही.

२८ जानेवारी

दाराची रुंदी वाढवायची म्हणजे भार घेणाऱ्या भिंतीला हात लावायचा, म्हणून हे काम 'किरकोळ' या नावाखाली ढकलायचं नाही असं मी ठरवलं. आतल्या बदलांचा नकाशा, लिंटेलचा (दारावरचा भार पेलणाऱ्या आडव्या पट्टीचा) तपशील आणि माझा मजबुतीचा दाखला महापालिकेला अर्जासोबत दिला. सध्या लागू आहे ती एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जी डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू झाली. काकांना कागदांची एक फाईल करून दिली. उद्या घर विकायचं झालं किंवा बँकेचं कर्ज काढायचं झालं तर हीच फाईल उपयोगी पडते.

६ फेब्रुवारी

पाडकाम सुरू. जतचे गवंडी, हात चांगला. साडेचार इंची भिंत दुपारपर्यंत उतरली.

कोठीच्या स्लॅबला कोपऱ्यात तपकिरी डाग निघाला. वरचं बाथरूम याच पट्टीवर आहे. वरची फरशी पाणीबंद असेल तरच संडास-न्हाणी दुसऱ्या खोलीच्या वर चालते, नाहीतर खाली संडास-न्हाणीच हवी, असा नियम आहे. आजवर खाली धान्याची कोठी होती आणि वरच्या नहाणी ट्रॅपचा (फरशीच्या जाळीखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्याचा) सांधा पाझरत होता. खालचं काम थांबवून आधी वरचा सांधा उघडला, नवा ट्रॅप बसवला, भोवती ग्राउट भरलं, वर पाणी साठवून पाहिलं. डाग वाळू लागलाय. खालच्या टाईल्स चकचकीत करून वरची गळती तशीच ठेवायची, असं काम मी करत नाही.

१० फेब्रुवारी

लिंटेल. जुनं दार पाऊण मीटरचं. बांधकामातलं माप १.०५ मीटर ठेवलं, चौकट वजा जाता ९०० मिलिमीटरहून थोडं जास्त मोकळं मिळेल. वॉकर आणि वेळ आली तर व्हीलचेअरही जाईल. दोन्ही बाजूंना जॅक लावून स्लॅबला टेकू दिला, मगच भिंत कापली. लिंटेल दोन्हीकडे दीडशे मिलिमीटर भिंतीत शिरलंय.

मिस्त्री म्हणाले, "म्याडम, एक फुटासाठी एवढं टेकू?" त्यांना वरच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवलं. मान डोलावली आणि स्वतःच आणखी एक जॅक मागवला.

मोरीचं जुनं दार बुजवलं. नवी वीट जुन्या विटांत गुंतवून, म्हणजे पुढे उभी भेग पडणार नाही. स्वयंपाकघरातून आता त्या बाजूला फक्त सलग भिंत दिसते.

१५ फेब्रुवारी

ड्रेनेज. या कामाचा जीव इथे आहे, आणि हा भाग उद्या फरशीखाली जाणार. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्लंबर मुलगा हुशार आहे, पण त्याची सवय सगळीकडची तीच: सिंकचा पाईप बाथरूमच्या ट्रॅपमध्ये सोडायचा, तिथून कमोडच्या लाईनला जोडायचा. "एकच लाईन, खोदाई कमी." पैसे वाचतात हे खरं. पण सिंकमधून तेल, डाळीचा गाळ, भाताची पेज जाते. ते थंड होऊन पाईपला आतून थर धरतं. तुंबलं की पाणी सर्वांत खालच्या तोंडातून वर येतं, म्हणजे आजींच्या बाथरूमच्या फरशीवर. उलट कमोडचा मोठा लोंढा जाताना पाईपमधली हवा ओढली जाते आणि ट्रॅपमधलं पाणी खेचलं जातं. ट्रॅपमध्ये साठलेलं ते ५० मिलिमीटर पाणी हीच घाण वायू आणि घर यांच्यामधली भिंत. ते गेलं की सिंकच्या जाळीतून वास येतो आणि लोक महिनोन्महिने उंदीर शोधत बसतात.

म्हणून लाईनी वेगळ्या. सिंकचं पाणी सिंकखालच्या ट्रॅपमधून मागच्या भिंतीबाहेर, तिथे स्वतःच्या गली ट्रॅपमध्ये (घराबाहेर जमिनीत बसवलेल्या ट्रॅपमध्ये), वर जाळी. बाथरूमच्या फरशीचं पाणी दुसऱ्या गली ट्रॅपमध्ये. कमोडची ११० मिलिमीटरची लाईन थेट चेंबरला, चाळीसास एक उतार. या लाईनला हवेचा पाईप, तो गच्चीच्या वरपर्यंत नेऊन वर जाळीची टोपी. चेंबरनंतर सगळं सेप्टिक टँककडे. संहितेतही स्वयंपाकघराला हेच सांगितलंय: भांडी धुण्याची सोय हवी, तिचं पाणी जाळी आणि ट्रॅप असलेल्या जोडातून सांडपाण्याच्या पाईपला जायला हवं, आणि फरशी पाणी न शोषणारी हवी.

पिण्याच्या पाण्याची लाईन मी मुद्दाम विरुद्ध बाजूने, वरून आणली. ड्रेनेजच्या चरात तिला जागा नाही. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळच येतं. उरलेल्या वेळात लाईन रिकामी असते, आणि रिकामी लाईन बारीक चिरेतून बाहेरचं पाणी आत ओढते.

झाकण्याआधी सगळ्या चरांचे फोटो, प्रत्येक फोटोत भिंतीपासून धरलेली टेप दिसेल असे.

२१ फेब्रुवारी

पुराचा विचार केल्याशिवाय शामरावनगरमध्ये तळमजल्यावर संडास बसवता येत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. अंगणात पाणी यायच्या आधी ते गटारीतून, टँकमधून उलटं येतं आणि तळमजल्याचा कमोड हे त्याला सापडणारं पहिलं तोंड असतं. काकू सांगत होत्या, २०१९ ला मोरीतून काळं पाणी आधी आलं, दारातून नंतर.

चेंबर आणि टँक यांच्यामध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप बसवली, स्वतंत्र चेंबरमध्ये, हात घालून साफ करता येईल अशी. फरशीखाली गाडलेली झडप आणि नसलेली झडप यांत फरक नाही. गाळ अडकला की ती अर्धी उघडी राहते. घरच्यांना हेही सांगितलं की पुरात झडप मिटली की आतलं पाणीही बाहेर जाणार नाही. तेव्हा खालचा कमोड वापरायचा नाही. पाणी वाढायची चिन्हं दिसली की आजींना हलवायचं, आणि ते लवकर.

२८ फेब्रुवारी

महाशिवरात्रीच्या सुट्टीनंतर कामगार परत. बाथरूमचं सोलिंग (फरशीखालचा दगडांचा थर), काँक्रीट झालं होतं. आज वॉटरप्रूफिंगचा दुसरा हात. भिंतींच्या कोपऱ्यांना गोलाई देऊन जाळी बसवली. भिंती गुळगुळीत आणि पाणी न शोषणाऱ्या असाव्यात, निदान एक मीटर उंचीपर्यंत, असा नियम. आम्ही टाईल्स सात फुटांपर्यंत घेतोय, कारण पलीकडे स्वयंपाकघर आहे आणि मधली भिंत साडेचार इंचाचीच. त्याच कारणाने या भिंतीत एकही पाईप नाही. नळ, शॉवर, फ्लशचं पाणी सगळं बाहेरच्या भिंतीवर. एवढ्या पातळ भिंतीत आडवी झिरी मारली की तिचा अर्धा जीव जातो.

उतार दर मीटरला सव्वा सेंटिमीटर, दारापासून मागच्या जाळीकडे. उतार दुसऱ्या खोलीकडे नसावा हेही लिखित आहे. माजघराकडे उंबरा नाही, फक्त एक सेंटिमीटरची उतरती कड. वॉकरचा पाय अडकता कामा नये. रात्रभर आणि उद्या दिवसभर पाणी साठवून ठेवायचं.

७ मार्च

पाणी उतरलं नाही, स्वयंपाकघराच्या बाजूला ओल नाही. टाईल्स लागल्या. फरशीला खरबरीत टाईल. काकूंना चकचकीत हवी होती, त्यांना आजींच्या पायांतल्या चपला दाखवल्या.

गॅस गिझरचा प्रश्न आज मिटवला. मोरीत गॅस गिझर होता, शेजारीच सिलिंडर. तो पुन्हा तिथेच लावायचा आग्रह होता, कारण चांगला चालतो आणि वीजबिल येत नाही. मी ठाम नाही म्हटलं. बंद न्हाणीत गॅस जळतो तेव्हा तिथलाच प्राणवायू संपतो, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आधी सुस्तावतो, मग उठू शकत नाही. दरवर्षी थंडीत अशा बातम्या वाचायला मिळतात. आजी आत बसून अंघोळ करणार, दार लावून. पंधरा लिटरचा विजेचा गिझर बसवला. स्विच बाहेर, अर्थिंग तपासलेलं, आणि विजेची ३० मिलिअँपिअर गळती झाली की वीज बंद करणारा ब्रेकर.

सिलिंडर स्वयंपाकघरात बाहेरच्या भिंतीपाशी, उभा, खाली हवेला जाळी असलेल्या कप्प्यात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत पसरतो आणि खड्डा, जाळी, नाली शोधतो. म्हणून सिलिंडरजवळ फरशीला जाळी ठेवलेली नाही.

१३ मार्च

खिडक्या. स्वयंपाकघराची जुनी खिडकी ०.९ × ०.९ होती, म्हणजे एक चौरस मीटरही नाही, आणि किमान तेवढी तरी हवी. नवी १.२ × १.०, मागच्या मोकळ्या जागेत थेट उघडणारी. बाथरूमलाही बाहेरच्याच भिंतीत खिडकी, ०.३७ चौरस मीटरपेक्षा मोठी, आणि वर एक्झॉस्ट. दोन खिडक्या एकाच भिंतीत येतात, म्हणून मध्ये जेवढं अंतर ठेवता आलं तेवढं ठेवलं आणि एक्झॉस्टचं तोंड स्वयंपाकघराच्या उलट दिशेला वळवलं. बाथरूमची हवा बाहेर काढून ती शेजारच्या खिडकीने ओट्यावर घ्यायची, यात अर्थ नाही.

उद्या धुळवड, काम बंद. रंगपंचमीलाही.

२१ मार्च

कमोड आणि दांडे. अपंगांसाठीच्या सार्वजनिक स्वच्छतागृहाचे नियम घराला बंधनकारक नाहीत, पण मी ते समोर ठेवले होते: आत निदान १.५ × १.७५ मीटर जागा, ९०० मिलिमीटर मोकळं दार, दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, हाताच्या दांड्या आणि भिंत यांत ५० मिलिमीटर फट, बैठक जमिनीपासून ५०० मिलिमीटर. दार बाहेर उघडण्याचं कारण आजींना सांगितलं नाही, काकांना सांगितलं. आत कोणी दाराला टेकून पडलं तर आत ढकलायचं दार उघडतच नाही. कडीही बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी घेतली.

बैठकीची उंची मात्र पुस्तकातून उचलली नाही. आजी ठेंगण्या आहेत. घरातल्या वेगवेगळ्या उंचीच्या खुर्च्या, स्टूल, वर पाट ठेवून त्यांना बसवून पाहिलं. पाचशेला पाय लोंबकळत होते. ४६० ला टाचा टेकल्या आणि उठताना हात कुठे जातो तेही कळलं. दांडा तिथेच लावला, वीटकामात खोल अँकर घालून. मग मिस्त्रींनी स्वतः त्याला लोंबकळून पाहिलं.

२८ मार्च

ओटा बसला. काळा ग्रॅनाईट, उंची काकूंच्या कोपराप्रमाणे. सिंक मागच्या भिंतीवर. कोठीच्या बदल्यात ओट्याखाली खोल ट्रॉल्या आणि माजघरात नव्या दाराशेजारी भिंतभर कपाट. ज्वारीचं पिंप त्यात मावलं. हळद-मिरचीचे डबे मावले. बरण्यांसाठी काकूंनी वरच्या मजल्यावर जागा काढली आहे. त्या अजून पूर्ण राजी नाहीत, आणि मी त्यांना राजी व्हा म्हटलंही नाही.

परवा पाडवा. फाईलमध्ये अर्जाची प्रत, बदललेला नकाशा, दाखला, चरांचे फोटो आणि पाईपांचं रेखाटन लावलं. काकांना तीन कामं लिहून दिली. गली ट्रॅपच्या जाळ्या महिन्यातून एकदा. ब्रेकरचं चाचणी बटण दर महिन्याला. झडपेचं चेंबर मृग लागायच्या आधी उघडून, गाळ काढून, पट्टी हाताने उघड-मीट करून बघायची, आणि पाऊस लांबला तर गणपतीच्या आधी पुन्हा.

आवारातला जुना संडास पाडायचा की ठेवायचा ते काका पावसाळ्यानंतर ठरवणार आहेत. पाडलाच तर त्याची लाईन चेंबरपाशी बूच मारून बंद करायची, नुसती माती लोटायची नाही. तसं रेखाटनावर लाल शाईने लिहून ठेवलंय.